एकट्यानं कोकणातलं घर पावसाला तयार करताना: शिमग्यापासून मिरगापर्यंतच्या कामांचा क्रम

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मला दरवर्षी एकाच धर्तीचे फोन येतात. कौलं परतून झाली आणि दुसऱ्याच दिवशी वळवाच्या वाऱ्यात फणसाची फांदी छपराच्या त्याच पाख्यावर (उतारावर) आली. फाटी (जळाऊ लाकडं) नीट रचली आणि छप्पर नेमकं तिच्यावरच गळलं. विहीर उपसली, मग वरच्या झाडाची छाटणी केली, सगळा पाला पुन्हा पाण्यात. काम कुणी अंग राखून केलेलं नसतं, कामांचा क्रम चुकलेला असतो. घरात चार माणसं असली की चुकलेला क्रम निभावून जातो. एकट्या माणसाला तेच काम दोनदा करावं लागतं, आणि दुसऱ्या वेळेसाठी मे महिन्यात दिवस शिल्लक नसतात.

हे लिहिते आहे ते दक्षिण रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या घरांपुरतं. चिऱ्याचं कौलारू घर, एक विहीर, एखादी गाय, दहा-वीस माड-पोफळी, चार कलमं, आणि सांभाळायला एकच माणूस. भातशेती यात धरलेली नाही. ती एकट्यानं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

## तयारी: शिमग्याच्या आधी वही उघडा

मार्चच्या मध्यापासून काजू, एप्रिलपासून आंबा. गावातले सगळे हात बागांत आणि पेट्या भरण्यात अडकतात. मे उजाडला की चाकरमानी येतात, आणि त्यांनाही त्याच आठ-दहा दिवसांत आपापली घरं दुरुस्त करून हवी असतात. म्हणून कौलं परतणारा मे महिन्यात शोधायला निघालात तर तो मिळणार नाही, किंवा संध्याकाळचे दोन तास उरकून जाईल. त्याच्याशी बोलणं शिमग्याच्या आत व्हायला हवं.

वहीत तीन याद्या करा.

१. पाय जमिनीवर ठेवून, कुणालाही न बोलावता होणारी कामं.
२. हाताखाली एक माणूस लागेल अशी कामं.
३. कारागिराची कामं: माडावर चढणारा पाडेली, कौलं परतणारा, वायरमन, विहिरीत उतरणारे, गुरांचा डॉक्टर.

तारखा ठरवताना तिसऱ्या यादीपासून सुरुवात करा. बहुतेक जण उलटं करतात. हाताशी आहे म्हणून पहिल्या यादीतली कामं उरकत बसतात, मग कारागीर त्याच्या सवडीनं येतो आणि झाडून-पुसून ठेवलेल्या घरात वरून माती पाडतो.

मोठ्या कामांची शेवटची तारीख १५ मे धरा. मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, ७-८ जूनला लागतो म्हणून जून उजाडेपर्यंत वेळ आहे असं समजण्यात धोका आहे. तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं ते १६ मे २०२१ ला. निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं ते ३ जून २०२० ला. दोन्ही वेळा मिरग लागायचा होता.

सावध: उंचावर चढणं, विहिरीत उतरणं आणि विजेच्या जोडणीला हात लावणं, ही तीन कामं हाकेच्या अंतरावर दुसरं माणूस नसताना करायची नाहीत. काम पाच मिनिटांचं असलं तरी नाही.

## टप्पा १: झाडं आणि झावळ्या (मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा)

छपरावर, गोठ्यावर, विहिरीवर आणि येण्याजाण्याच्या वाटेवर जे जे लोंबतं आहे ते सगळं आधी खाली आलं पाहिजे. पहिल्या वर्षी मी कौलं परतायला माणूस बोलावला, तो खळ्यात (अंगणात) उभा राहून वर बघत म्हणाला, "काकी, आदी फांदयो मारून घेवा, मगे मी कौलार चढतंय." त्या दिवसाची त्याची मजुरी मी दिली आणि क्रम कायमचा शिकले.

क्रम असा ठेवा:

१. पाडेल्याकडून घराजवळच्या माडांचे तयार नारळ, वाळलेल्या झावळ्या आणि पोयी उतरवून घ्या. जमलं तर पोफळींची कामंही त्याच दिवशी सांगून ठेवा.
२. आंबा-फणसाच्या ज्या फांद्या छपरावर आल्या आहेत तेवढ्याच काढा. फळं आहेत म्हणून ठेवलेली एक फांदी शंभर कौलं फोडते.
३. फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर स्वतः कोयती चालवू नका. महावितरणला कळवा, १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा.
४. निघालेली झावळी लगेच विणायला किंवा सुकायला टाका. पडवीला बांधायची झापं यातूनच होतात.

आंबा, फणस, ऐन, किंजळ अशी झाडं अख्खी तोडायची झाली तर परवानगी लागते. ती मे महिन्यात धावतपळत मिळत नाही, तेव्हा मोठं धोकादायक झाड असेल तर त्याचा अर्ज दिवाळीनंतरच करून ठेवा.

तपासा: खळ्यात उभं राहून घराला एक पूर्ण फेरी मारा. कुठल्याही बाजूनं आकाश आणि कौल यांच्या मध्ये फांदी दिसता कामा नये.

## टप्पा २: छप्पर (एप्रिलचा दुसरा आठवडा ते ५ मे)

कारागीर येण्याआधी दोन दिवस तुमचं स्वतःचं काम आहे, आणि ते पाय माळ्यावर ठेवून होतं.

भर दुपारी बारा-एकच्या सुमारास सगळी दारं-खिडक्या लावून माळ्यावर बसा. डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटं द्या. मग कौलांमधून उजेडाचे ठिपके दिसू लागतात. प्रत्येक ठिपक्याखालच्या रिपेवर (कौल ज्या लाकडी पट्टीवर बसतं तिच्यावर) खडूनं फुली मारा. तिरका, लांबट उजेड म्हणजे सरकलेलं कौल. गोल बारीक ठिपका म्हणजे तडा किंवा कोपरा उडालेला. मागच्या पावसातले ओघळ भिंतीवर आणि वाशांवर काळपट पिवळे उमटलेले असतात, त्यांच्यावरही खूण करा. एक गोष्ट लक्षात ठेवा, पाणी पडतं तिथे भोक असतंच असं नाही. ते वाशावरून दोन-तीन हात खाली वाहत येऊन मग टपकतं, म्हणून खूण नेहमी ओघळाच्या वरच्या टोकाला करायची.

मग वासे आणि रिपा. जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन प्रत्येक वाशाच्या भिंतीत शिरणाऱ्या टोकाला टोचा. लाकूड घट्ट असेल तर टोक शिरत नाही. बोटभर आत गेलं तर वाळवी किंवा कुज आहे, आणि ते काम कौलवाल्याचं नसून सुताराचं आहे. सुतार आधी, कौलवाला नंतर. हा क्रम चुकला की परतलेली कौलं पुन्हा उतरवावी लागतात. नव्या-जुन्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावायचं असेल तर याच वेळी लावा. हातमोजे घाला, ते तेल कातडी भाजून काढतं.

मंगलोरी कौलं जास्तीची पन्नास तरी आणून ठेवा. आणताना एकेक कौल बोटाच्या पेरानं वाजवून घ्या. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर आत तडा आहे. छाप वेगळी असली की कौलाला कौल नीट बसत नाही, म्हणून आपल्या घरातलं एक कौल बरोबर घेऊन जा आणि त्यावर बसवून बघा.

कारागीर वर असताना तुम्ही खाली हे बघा:

१. आधी पाख्यावरचा पाला आणि शेवाळ झाडून काढलं का. न झाडता परतलेली कौलं पहिल्या पावसात ओल धरून बसतात.
२. दोन पाख्यांच्या सांध्यात असलेली पत्र्याची पन्हळ उघडून साफ केली का. माझ्या अनुभवात घर गळतं ते बहुतेक वेळा इथे. कौलं सगळी नवी घातली आणि पन्हळ गंजलेलीच ठेवली, असं फार होतं.
३. आढ्यावरच्या कौलांचा चुना-सिमेंट सुटलेलं आहे का. सुटलं असेल तर पूर्ण खरवडून नवं भरायचं. वरून लिंपलेलं सिमेंट पहिल्या उन्हाला सुटतं.
४. वळचणीच्या शेवटच्या दोन ओळी तारेनं बांधल्या का. वाऱ्यानं उडतात त्या याच.

काम संपलं की पैसे देण्याआधी पुन्हा दुपारी माळ्यावर बसा. खडूच्या प्रत्येक फुलीवर अंधार असला पाहिजे. उजेड दिसतो आहे तिथे माणूस अजून गावात असतानाच परत चढवा.

पश्चिमेकडच्या आणि नैर्ऋत्येच्या पडवीला झापं किंवा जाड मेणकापड बांधायचं ते मेच्या तिसऱ्या आठवड्यात. आधी बांधलं तर उन्हानं ठिसूळ होतं.

सावध: कौलं परतून पूर्ण होईपर्यंत घरातलं धान्य, अंथरुणं, कागद यांना हात लावू नका. झाकून ठेवा. साफसफाई छपरानंतर.

## टप्पा ३: पाण्याच्या वाटा (५ ते १० मे)

पाणी घरात येतं ते वरून कमी आणि मागच्या डोंगराकडच्या अंगानं जास्त. घराच्या वरच्या बाजूचा चर गाळानं भरलेला असतो, आणि उन्हाळ्यात तो कोरडा असल्यामुळे डोळ्यांत येत नाही.

चर साफ करताना खालून वर जा. म्हणजे पाणी जिथे सुटतं त्या टोकापासून सुरुवात करून घराच्या मागच्या बाजूला पोचा. वरून सुरुवात केली की काढलेली माती खालच्या भागात साचते आणि दोन पाट्यांचं काम चार पाट्यांचं होतं. हे काम एकट्यानं होतं. रोज सकाळी उन्हाच्या आधी दीड तास, असे चार-पाच दिवस लावा. एका दिवसात संपवायचा हट्ट केला तर पुढचे तीन दिवस कंबर धरून बसावं लागतं.

काढलेली माती चराच्या खालच्या कडेला, घराच्या बाजूला टाका. तिचा छोटा बांध होतो. वरच्या बाजूला टाकलेली माती पहिल्या सरीत परत चरात येते.

तपासा: चराच्या वरच्या टोकाला चार-पाच बादल्या पाणी एकदम ओता. पाणी न थांबता खालच्या टोकाला पोचलं पाहिजे. जिथे डबकं होईल तिथे उतार चुकला आहे.

घर डोंगराला लागून असेल तर या फेरीत उताराकडे नीट बघा. जमिनीला नवी भेग, एका बाजूला कललेली झाडं किंवा खांब, पूर्वी नीट लागणारं दार अचानक अडकणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं, ही लक्षणं दिसली तर पोलीस पाटील आणि तलाठ्याला सांगा, जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हा क्रमांक फोनमध्ये ठेवा आणि जोरदार पावसाच्या रात्री दुसरीकडे झोपायला जा. महाड तालुक्यातल्या तळियेत २२ जुलै २०२१ ला दरड कोसळून जे झालं, त्यानंतर यात भीड बाळगण्याचं कारण राहिलेलं नाही.

## टप्पा ४: विहीर (१० ते १५ मे)

पाणी सर्वांत खाली गेलेलं असतं तेव्हाच गाळ काढायचा, आणि तो झाडांच्या छाटणीनंतरच. काम कमीत कमी तीन माणसांचं: एक आत, दोन वर. तुम्ही वरचं तिसरं माणूस असू शकता, आतलं नाही.

सावध: जुन्या, खोल, झाकलेल्या विहिरीत हवा वाईट असू शकते. कंदील सोडून बघायची पद्धत आहे. कंदील विझला तर उतरायचं नाही हे खरं, पण विझला नाही म्हणून हवा चांगलीच आहे असं धरू नका. पेट्रोल-डिझेलचं इंजिन विहिरीच्या आत कधीही उतरवू नका, त्याच्या धुरानं माणूस जागच्या जागी जातो. आतला माणूस कोसळला तर त्याच्यामागे दुसऱ्यानं उडी मारायची नाही. म्हणून उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधलेलाच हवा.

गाळ निघाला की कठड्याच्या भेगा भरा. कठडा निदान तीन फूट हवा, आणि भोवतालचं पाणी बाहेर वाहून जाईल असा उतार हवा. पावसाळ्यातलं पोटाचं दुखणं बहुतेक खळ्यातल्या आणि गोठ्यातल्या पाण्यातून येतं, आणि ते पाणी कठड्याच्या बुडाशी विहिरीत मुरत असतं.

टीसीएल, म्हणजे विरंजक चूर्ण, अंदाजानं टाकू नका. हिशेब सोपा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्याच आकड्यानं गुणा, मग पाण्याच्या खोलीनं गुणा, ३.१४ नं गुणा आणि ४ नं भागा. आलेल्या आकड्याला १००० नं गुणलं की लिटर मिळतात. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर साधारण २८,००० लिटर. दर हजार लिटरला ५ ग्रॅम धरलं तर १४० ग्रॅम पावडर.

टाकण्याचा क्रम:

१. प्लास्टिकच्या बादलीत पावडर थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, मग बादली पाऊण भरा.
२. दहा मिनिटं स्थिर ठेवा. चुना तळाला बसतो.
३. वरचं निवळलेलं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन दोरानं विहिरीत सोडा आणि वर-खाली हलवा. तळाचा चुना विहिरीत टाकायचा नाही.
४. हे रात्री करा, म्हणजे सकाळपर्यंत पाणी कुणी काढत नाही. निदान एक तास तरी जाऊ द्या.

सकाळी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी (पाण्यातल्या क्लोरीनची चाचणी) करून घ्या. पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. पावसात पाणी गढूळ झालं की पावडरचा गुण उतरतो, तेव्हा जून-जुलैत गाळून उकळलेलंच पाणी प्या. पावडरीचा मागच्या वर्षीचा उघडा पुडा वापरू नका, हवेनं तिचा जोर गेलेला असतो.

## टप्पा ५: वीज

वायरमनकडून तीन गोष्टी करून घ्या: अर्थिंगची तपासणी, ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच, आणि पंपाचा स्टार्टर झड लागणार नाही अशा जागी उंच. स्विचवरचं तपासणीचं बटण महिन्यातून एकदा दाबा, लगेच पडला पाहिजे. भिंतीला ओल येणाऱ्या बाजूची सगळी बटणं जूनच्या आत बंद करून टाका.

वळवाच्या दिवसांत विजा पावसापेक्षा जास्त माणसं घाबरवतात, आणि घाबरावं हेच बरं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप फोनवर ठेवा. आसपास वीज पडण्याचा इशारा आला की विहिरीवर, माडाखाली, पत्र्याच्या मांगरात (लाकूडफाटा ठेवायच्या खोपीत) थांबायचं नाही.

## टप्पा ६: फाटी आणि पेंढा (छपरानंतर, १५ मेपूर्वी)

फाटी जानेवारी-फेब्रुवारीत फोडलेली असेल तरच मेपर्यंत वाळते. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. टणक, कोरडा आवाज आला आणि टोकांना चिरा दिसल्या तर ती तयार आहे. ओली फाटी मांगरात भरली की सगळ्या ढिगाला बुरशी येते.

रचताना खाली चिरे किंवा जुने ओंडके, भिंतीपासून वीतभर अंतर, मोठी लाकडं मागे, काटक्या, सोडणं (नारळाची सालं) आणि करवंट्या पुढे. रोज जे लागतं ते हाताशी असावं. ढिगाच्या आत हात घालायची वेळ येऊ नये, कारण पहिल्या पावसानंतर तिथे फुरसं किंवा विंचू असतोच असं धरून चालावं. काठीनं हलवून, मग लाकूड ओढा. आठवड्याभराची फाटी आतल्या पडवीत वेगळी ठेवा, म्हणजे झडीत मांगरापर्यंत जावं लागत नाही. गॅसचा भरलेला एक सिलिंडर मेच्या शेवटी घरात हवाच.

गाईसाठी पेंढा मोजून घ्या. पावसात हिरवं मिळतं म्हणून सुका कमी लागतो ही समजूत आहे, पण कोवळ्या गवतानं शेण पातळ होतं आणि झडीच्या दिवसांत गाय बाहेर सोडताच येत नाही. दोनशे-सव्वादोनशे किलोच्या गावठी गाईला दिवसाला तीन किलो सुका धरला तर चार महिन्यांचा साडेतीनशे किलोच्या वर होतो. पाचशे किलो भरा. उरलेला दिवाळीला चालतो, कमी पडलेला ऑगस्टमध्ये मिळत नाही.

## टप्पा ७: गाय

घटसर्प आणि फऱ्याची लस मेच्या पहिल्या पंधरवड्यात झाली पाहिजे. लशीचा जोर अंगात यायला दोन-तीन आठवडे लागतात, पाऊस सुरू झाल्यावर टोचून उपयोग कमी. त्याच भेटीत जंताचं औषध विचारून घ्या. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२.

गोठ्याची जमीन मागच्या बाजूला उतरती आणि कोरडी राहणारी हवी. नाहीतर खूर सडतात.

एक गोष्ट लोक विचारातच घेत नाहीत. गाय भरवायची वेळ. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भरवली की वासरू बरोबर जुलैत येतं, आणि जुलैच्या रात्री अडलेली गाय एकट्यानं सोडवणं किती कठीण असतं हे मी एकदा कंदिलाच्या उजेडात अनुभवलं आहे. डॉक्टर पलीकडच्या गावात अडकला होता, पऱ्याला (ओढ्याला) पाणी होतं. शेजारचे दोघे धावून आले म्हणून गाय-वासरू दोन्ही वाचली. म्हणून त्या दिवसांतला एक माज सोडून द्या.

## टप्पा ८: पोफळी

कोळेरोगासाठी (सुपाऱ्या गळवणाऱ्या बुरशीच्या रोगासाठी) बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर, कोरड्या दिवशी, आणि दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप बघून. चढणारा माणूस आधीच सांगून ठेवलेला हवा.

१. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) पाच लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या पाच लिटरमध्ये. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडाची नकोत.
२. चुना गाळून घ्या. दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता आणि ढवळत राहा.
३. घासलेली लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, चुन्याची निवळी वाढवा आणि पुन्हा बघा.
४. त्याच दिवशी संपवा. रात्रभर ठेवलेलं मिश्रण फुकट.

तिसरी पायरी टाळून झाडं करपवून घेतलेली बाग मी पाहिली आहे. सुरीला मिनिट लागतो.

## टप्पा ९: घरातली बेगमी

हे सगळ्यांना येतं, म्हणून थोडक्यात. तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी, सोलं (आमसुलं), मीठ, मिरची, रॉकेल किंवा बॅटरीचे दिवे, काड्यापेट्या हवाबंद डब्यात. उन्हात वाळवलेलं धान्य गरम असताना डब्यात भरू नका, झाकणाला आतून घाम सुटतो. एक रात्र घरात निवू द्या.

## टप्पा १०: आपल्यासाठीची तजवीज (२० मेपर्यंत)

घराची सगळी तयारी करून माणूस स्वतःची करत नाही. एकट्यानं राहणाऱ्यांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती इथे.

शेजाऱ्याशी खूण ठरवा. माझ्याकडे पडवीच्या खांबाला लाल फडकं आहे. सकाळी उठले की ते मी खांबाच्या डाव्या बाजूला अडकवते, रात्री उजव्या. समोरच्या घरातल्या वहिनी आठ वाजता चहा घेता घेता बघतात. आठपर्यंत फडकं डावीकडे आलं नाही तर त्या हाक मारतात, ओ मिळाली नाही तर चालत येतात. फोनवर विसंबू नका, चार-सहा तास वीज गेली की टॉवरही जातो. घराची एक किल्ली त्यांच्याकडे असली पाहिजे, आणि आतली कडी बाहेरून उघडता येईल अशी हवी.

सर्पदंश. आपल्या भागात फुरसं, घोणस, नाग, मण्यार चारही आहेत, आणि चौघांवर एकच प्रतिविष चालतं. ते कुठल्या रुग्णालयात असतं हे आत्ताच जाऊन विचारून या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. चावलं तर:

१. चालू-पळू नका. जागीच बसा, मोठ्यानं हाक मारा, फोन करा. रुग्णवाहिका १०८, पण गाडीवाल्या शेजाऱ्यालाही त्याच मिनिटाला सांगा.
२. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा, सूज येते.
३. चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवा. कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी बांधू नका.
४. साप मारायला किंवा धरायला जाऊ नका. मांत्रिकाकडे नेतो म्हणणाऱ्याला ठामपणे नाही म्हणा.

पाय. गमबूट दोन जोड घ्या, एक वाळत असताना दुसरा. घालण्याआधी उलटा करून आपटा. पायाला जखम असताना चिखलात उतरू नका. चिखलातल्या कामानंतर ताप, पोटऱ्यांत कळ आणि डोळे लाल दिसले तर त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि चिखलात काम केल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा. हा ताप लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) असू शकतो, आणि लेप्टो वेळेत ओळखला तर साध्या औषधांनी बरा होतो.

वहीचं पहिलं पान. रक्तगट, रोजची औषधं, कुणाला कळवायचं, वीज आणि पंपाचा मुख्य स्विच कुठे, गाईला सकाळी काय घालायचं. ठळक अक्षरात लिहून स्वयंपाकघराच्या दाराला लावा. तुम्ही चार दिवस रुग्णालयात असलात तर ते पान वाचून शेजारी तुमचं घर चालवू शकला पाहिजे. महिन्याची औषधं दोन महिन्यांची घेऊन ठेवा.

## पहिला मोठा पाऊस पडत असताना

अंथरुणात पडून ऐकू नका. बॅटरी, खडू आणि वही घेऊन घरभर फिरा. माळा, पन्हळीखालची भिंत, न्हाणीघराचा कोपरा, गोठा, मांगर. जिथे थेंब दिसेल तिथे खूण करा, खाली भांडं ठेवा आणि वेळ लिहा. पाऊस सुरू झाल्याबरोबर गळतं की अर्ध्या तासानं, यावरून कौल सरकलं आहे की पन्हळ तुंबली आहे हे कळतं.

ओल्या कौलांवर चढायचं नाही, कितीही गळत असलं तरी. माळ्यावरून दोन्ही हातांनी ते कौल किंचित वर उचला आणि जाड प्लास्टिकचा किंवा पत्र्याचा तुकडा वरच्या कौलाखाली सरकवा, असा की त्याचं खालचं टोक पुढच्या कौलावर येईल. पाणी त्यावरून बाहेर जातं आणि उघडीप मिळेपर्यंत टिकतं. असे हातभर लांबीचे पाच-सहा तुकडे आत्ताच कापून माळ्यावर, जिन्याजवळ ठेवा. पत्र्याच्या कडा आधी हातोडीनं दुमडून घ्या, अंधारात बोट कापतं.